सव्विसाव्या मजल्यावरचा शिकारी

साताऱ्याला परत येऊन आठवडा होऊन गेला, तरी भेटेल तो विचारतो, "काय मग, दुबई कशी आहे?" मी अबू धाबीला गेले होते हे सांगायचा नाद मी दुसऱ्याच दिवशी सोडून दिला. बुर्ज पाहिला का? लांबून. सोनं घेतलं? नाही. उंट? एक पाहिला, गाडीच्या काचेतून, त्यानेही माझ्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. शेवटी माझ्या जाऊबाईंनी तोंडावर विचारलं, "मग एवढे दिवस तिथे केलंत काय?"

खरं उत्तर असं आहे की मी एक कुत्रा पाहिला. तोही तिथला नाही, नॉर्वेचा.

हे घरात सांगितल्यावर आमचे हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "विमानाचं तिकीट काढून?" म्हणून आता लिहूनच काढते. ज्यांना बुर्जबद्दल वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबावं, माझा राग नाही.

अल रीम आयलंड

माझी धाकटी बहीण मेघना, तिचे यजमान श्रीकांतराव आणि त्यांची तेरा वर्षांची रेवा अल रीम आयलंडवर राहतात. बेट म्हटल्यावर मी वाळू, नारळ आणि होडी अशी तयारी करून गेले होते. निघाले काचेचे टॉवर. एकाला एक लागून, आणि प्रत्येकाच्या काचेत समोरचा टॉवर दिसतो, त्यामुळे खरे किती आहेत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मेघनाचं घर सव्विसाव्या मजल्यावर. दार उघडलं आणि बहीण दिसायच्या आधी मला लांडगा दिसला.

मी पिशवी छातीशी धरून लिफ्टकडे वळलेच होते.

"मावशी, डोन्ट बी स्केअर्ड! ही इज जस्ट स्मेलिंग यू," रेवा आतून म्हणाली.

"ताई, ये गं, काही करत नाही तो," मेघना म्हणाली. कुत्रेवाल्या घरातले लोक हे वाक्य फार सहज बोलतात.

लांडगा माझ्याकडे बघत नव्हताच. त्याने माझ्या तीन पिशव्यांपैकी मधल्या पिशवीला नाक लावलं, तिच्यासमोर पाय रोवून उभा राहिला, आणि मान वर करून जो भुंकायला लागला तो थांबेचना. त्या पिशवीत, साड्यांच्या खाली, दोन पुडक्यांत बांधलेले कंदी पेढे होते. कस्टमच्या माणसाला जे कळलं नाही ते याला दारातच कळलं. मी खाली बसून पेढ्याचा पुडा काढला तेव्हा तो गप्प झाला. हे तेव्हाच माझ्या नीट लक्षात यायला हवं होतं, पण मी पेढे वाचवायच्या गडबडीत होते.

त्याचं नाव टोर. जात नॉर्वेजियन एल्कहाउंड. भीती ओसरल्यावर मी त्याला नीट पाहिलं. रंग राखाडी, पण एकसारखा नाही. पाठीवरच्या केसांची टोकं काळी, तोंड आणि कान काळपट, आणि पोटाकडे, पायांकडे येता येता दुधावरच्या सायीसारखा फिकट होत गेलेला. कान ताठ. अंगाने आखूड, चौकोनी, गच्च. आणि शेपूट पाठीवर अशी घट्ट वळून बसलेली की माझ्या चकल्या आयुष्यात कधी इतक्या जमल्या नाहीत.

आत गेल्यावर दुसरा धक्का. बाहेर छान उबदार दुपार, आणि माझी बहीण घरात आईने दिलेली शाल पांघरून पोळ्या लाटत होती. श्रीकांतराव स्वेटर आणि कानटोपी घालून लॅपटॉपवर. म्हटलं, "अहो, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत बरी आहे, ताई. टोरला गरम होतं," ते म्हणाले. "एसी अठराच्या वर नेला की हे महाराज फ्रिजसमोर जाऊन बसतात."

रेवाने मला मांडी घालून शिकवणी दिली. याचा कोट डबल असतो. वरचे केस राठ, पाणी-बर्फ झटकणारे, आणि आत लोकरीसारखा दाट थर. तो भादरायचा नाही, भादरला तर उन्हात उलट जास्त त्रास होतो. वर्षातून दोनदा तो आतला थर गळतो असं पुस्तकात लिहिलंय म्हणे. अबू धाबीत तो बारा महिने गळतो. पोह्यांत केस, पूजेच्या ताम्हनात केस, श्रीकांतरावांच्या ऑफिसच्या शर्टावर केस. मी दुसऱ्या दिवसापासून ते वेचायचं सोडून दिलं आणि कोथिंबिरीसारखं त्यांच्याकडे बघायला शिकले.

"आणि एल्क म्हणजे?" मी विचारलं.

रेवाने फोनवर चित्र दाखवलं. घोड्याएवढं जनावर, डोक्यावर झाडाच्या फांद्या उगवल्यासारखी शिंगं. मी चित्राकडे पाहिलं, मग टोरकडे. तो माझ्या गुडघ्याच्याही जेमतेम वर होता.

"हा? याची शिकार करतो?"

"ही डझन्ट किल इट, मावशी. ही फाइंड्स इट. फॉर थाउजंड्स ऑफ इयर्स." मग जरा प्रामाणिकपणे म्हणाली, "मेबी. पीपल से व्हायकिंग्जकडे पण होते."

टोर मूळचा श्रीकांतरावांच्या ऑफिसातल्या लार्सचा. लार्स नॉर्वेचा, इंजिनिअर. त्याची बदली ब्राझीलच्या समुद्रातल्या तेलाच्या जहाजावर झाली. तिथे कुत्रा नेता येत नाही, गावी वडील वारलेले, सांभाळणारं कुणी नाही. उन्हाळा संपता संपता त्याने टोरला यांच्याकडे आणून सोडलं. "तात्पुरतं" म्हणून. असल्या गोष्टींत तात्पुरतं म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतंच. पहिल्या रात्रीपासून टोर रेवाच्या पलंगाखाली झोपायला लागला आणि रेवाने शाळेतली आपली सगळी दुःखं त्याला सांगायला सुरुवात केली.

आता अडचण अशी, की सव्विसाव्या मजल्यावर एल्क येत नाही. येतात ते जेवणाचे डबे देणारे, किराणा देणारे, पार्सल देणारे. लिफ्टची घंटी वाजली की टोर दाराशी. आणि एकदा सुरू झाला की मोठ्या, खणखणीत आवाजात, एका लयीत, न दमता. त्यावर आमच्या घराण्याचा उपाय ठरलेला.

"टोऽर! गप!" ही मेघना, स्वयंपाकघरातून.

"ए टोर, बस कर रे!" श्रीकांतराव, सोफ्यावरून.

"टोऽऽर! स्टॉप इट!" रेवा, तिच्या खोलीतून, दार न उघडता.

दुसऱ्या दिवसापासून चौथा आवाज माझा. आम्ही माहेरची माणसं मुळातच अशी. चार खोल्या एकामागे एक असलेल्या घरात वाढलो, बाबा पुढच्या खोलीतून आणि आई मागच्या खोलीतून संसार करायचे. उठून जाऊन बोलणं म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलंय असं आम्ही समजायचो. मेघनाने ही पद्धत सासरी नेली, आणि पुण्याचे मितभाषी श्रीकांतरावही वर्षभरात बसल्या जागेवरून ओरडायला शिकले. आम्ही जितकं ओरडू तितका टोर जोरात. मग इंटरकॉम वाजायचा, आणि खालचा सिक्युरिटीवाला अतिशय नम्रपणे सांगायचा, "मॅडम, अगेन कम्प्लेंट."

शेजारीण

तक्रार समोरच्या दारातून होती. तिथे हाला नावाची इजिप्शियन मुलगी राहते, नुकतीच बाळंतीण. आता तक्रार आली की आपण काय करतो? मी बेसनाचे लाडू वळले आणि डबा घेऊन गेले.

हालाने दार उघडलं तेव्हा तिच्या खांद्यावर बाळ होतं आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने लाडू हातात घेतला, वास घेतला, हसली. म्हणाली, तिला टोर आवडतो, तिच्या आजोळी पण कुत्रे होते. "बट हबीबती, माय सन स्लीप, टोर वूफ वूफ वूफ, माय सन अप. आय क्राय, माय सन क्राय, खलास." मी दोन बाळंतपणं काढलीत. झोपलेलं मूल उठवणाऱ्याला, माणूस असो की कुत्रा, मी काय काय बोलले असेन ते लिहिण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना श्रीकांतरावांनी सांगून टाकलं. बिल्डिंगवाल्यांनी बजावलं होतं, असंच चाललं तर घराचा करार पुढे वाढवणार नाहीत. फुजैराला त्यांच्या ओळखीचे एक पाटील आहेत, कोल्हापूरचे, डोंगराजवळ खडी क्रशर चालवतात. त्यांना राखणीला कुत्रा हवाय.

"येत्या नाही, पुढच्या शनिवारी येतायत न्यायला," ते ताटाकडे बघत म्हणाले.

"तिथे एसी आहे?" रेवाने विचारलं. मराठीत विचारलं, म्हणून सगळे दचकले.

"पत्र्याची शेड आहे. सावली असते."

"बाबा, जूनमध्ये?"

श्रीकांतरावांनी ताटातला भात पुन्हा कालवला. तिथला जून मी पाहिलेला नाही, पण मेघनाने सांगितलं होतं की तेव्हा लार्स टोरला पहाटेच खाली न्यायचा, कारण सूर्य वर आला की रस्त्यावर कुत्र्याला पाय ठेववत नाही. बर्फासाठी शिवलेला कोट घालून पत्र्याच्या शेडमध्ये, साखळीला. रेवा ताटावरून उठली. त्यानंतर ती बापाशी बोलायची बंद झाली.

"मला आनंद होतोय का, ताई?" श्रीकांतराव मला म्हणाले. "पण त्या बाईचं मूल पण खोटं नाही ना."

नव्हतंच. हीच पंचाईत होती.

इंटरनॅशनल सिटी

मधल्या दिवसांत मेघना मला दुबईला घेऊन गेली. इंटरनॅशनल सिटीच्या कडेला ड्रॅगन मार्ट नावाचा एक लांबच लांब बाजार आहे. झुंबरापासून झाडूपर्यंत सगळं चिनी. आपल्या तुळशीबागेला कुणी एसी लावून दोन्ही बाजूंनी ओढत ओढत लांबवलं तर असं होईल. मी दोन तासांत इतकी चालले की सोन्याच्या बाजाराला जायची इच्छा पायांनीच रद्द केली.

तिथे मला टोरसाठी छातीवरून बांधायचा पट्टा दिसला. लार्सने दिलेला चामड्याचा पट्टा कडेला उसवला होता. फिरायला नेताना मी पाहत होते ना! हा कुत्रा फिरत नाही, नाक जमिनीला लावून ओढतो. कॉर्निशवर, म्हणजे तिथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, समुद्र कुणीकडे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मागून साताऱ्याची एक बाई पाण्यावरच्या खेळासारखी फरपटत येतेय, याच्याशीही नसतं. रेवा म्हणायची, यांच्यात दोरीवरची शिकार पण असते, कुत्रा पुढे वास काढत जातो आणि शिकारी मागे दोरी धरून. म्हटलं, मग मी शिकारी झाले म्हणायची.

दुकानातली चिनी मुलगी कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायची, मी तो पुसून माझा टाकायची. "पस्तीस दिरहम, म्हणजे आठशेच्या वर की गं मेघना! साताऱ्यात म्हशीचं दावं एवढ्याला येत नाही." शेवटी मी निम्म्यात आणला. गाडीत बसेपर्यंत मी ते तीनदा सांगितलं. घरी आल्यावर रेवाने तो पट्टा हातात घेऊन चाप दाबून पाहिले आणि म्हणाली, "इट्स प्लास्टिक, मावशी." मी म्हटलं, "हल्ली सगळं प्लास्टिकच असतं."

रस अल खैमाचे डोंगर

पाटील यायच्या आदल्या शनिवारी सगळ्यांनी टोरला डोंगर दाखवायला न्यायचं ठरलं. निरोप हा शब्द कुणी उच्चारला नाही. मेघनाने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, रेवा कानात वायर घालून खिडकीकडे तोंड करून बसली, टोरचं डोकं तिच्या मांडीवर.

मग डोंगर आले. आपला सह्याद्री उन्हाळ्यातही कुठेतरी हिरवा ठिपका राखून असतो. इथे नुसता दगड. तपकिरी, करडा, गुलाबी, घड्या घातल्यासारखा. झाड म्हणाल तर दरीत एखादी बाभळीची जात. पण वर गेल्यावर वारा असा गार सुटला की टोर गाडीतून उतरून स्तब्ध उभा राहिला आणि नाक वर करून तो वारा प्यायला लागला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला तो सोफ्यामागचा प्राणी वाटला नाही.

जवळच एक पिकअप उभी होती. कंदोरा, म्हणजे तिथला पांढरा पायघोळ अंगरखा, घातलेले एक वयस्कर इमिराती गृहस्थ चटईवर बसून थर्मासमधला कहवा पीत होते आणि त्यांच्या शेजारी त्यांचा सलुकी. सलुकी म्हणजे त्यांच्याकडचा वाळवंटातला शिकारी कुत्रा. लांब पाय, बरगड्या मोजून घ्या, कानांना रेशमी झालर, आणि बसण्याची ऐट अशी की मीच पदर सारखा केला. त्यांनी आम्हाला खजूर दिले, आम्ही दशमी दिली. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं.

"मेरा कुत्ता आँख से शिकार करता है," ते म्हणाले. "देखा, दौड़ा, पकड़ा. एकदम चुप. तुम्हारा क्या करता है?"

श्रीकांतराव कसंनुसं हसले. "बोलता है."

म्हातारबाबा इतके हसले की कहवा सांडला.

हे चाललं असताना टोरची दोरी माझ्या हातात होती. वाऱ्यावर त्याला कसला तरी वास आला. त्याने एक हिसडा दिला, कट्ट असा आवाज झाला, आणि माझ्या हातात दोरी, दोरीला पट्टा, पट्ट्याला तुटलेला प्लास्टिकचा चाप. कुत्रा नाही. भुंकला नाही, मागे वळून पाहिलं नाही. नाक खाली, शेपटीचं वेटोळं वर, दगडांतून उतारावर, आणि दिसेनासा.

रेवा किंचाळली. मग आम्ही आमच्या घराण्याला जे येतं ते केलं. चौघंही जागच्या जागी उभं राहून बोंबललो. "टोऽऽर!" डोंगराने ते परत केलं. पुन्हा ओरडलो. काही नाही. पलीकडे खोल दरी, कडे, आणि खाली वळणावळणाचा रस्ता, गाड्या भरधाव. मेघना माझा हात घट्ट धरून होती. रेवा माझ्याकडे पाहत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, ही इज गॉन," ती म्हणाली. आठवड्यात बापाशी बोललेलं पहिलं वाक्य.

आणि तेवढ्यात खूप खालून आवाज आला. भुंकणं. तेच, एका लयीत, न थांबता. आम्ही आणखी जोरात ओरडलो, तोही आणखी जोरात. येत मात्र नव्हता. आवाज जागचा हलत नव्हता.

"अडकलाय कुठेतरी," श्रीकांतराव म्हणाले.

रेवाने लार्सला व्हिडिओ कॉल लावला. तिथे पहाट होती. विस्कटलेल्या केसांचा, लाल दाढीचा एक मोठा माणूस पडद्यावर आला. रेवाने रडत रडत सांगितलं. त्याने हात वर केला. म्हणाला, "गप्प बसा सगळे. मला ऐकू द्या."

रेवाने फोन दरीकडे धरला. आम्ही सगळे गप्प. वारा, आणि त्या वाऱ्यात टोर. पडद्यावर तो मोठा माणूस डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, फोन अडकला.

मग तो बोलला ते इंग्रजीत, पण इतकं सावकाश की मलाही सगळं कळलं. टोर हरवलेला नाही. टोरला सापडलंय. माग काढताना हे कुत्रे तोंडातून आवाज काढत नाहीत. जनावर गाठलं की त्याच्यासमोर उभं राहायचं, चावायचं नाही, त्याला जागचं हलू द्यायचं नाही, आणि भुंकून मालकाला सांगायचं, इथे आहे, ये. मालक मैलभर मागे असतो, जंगल दाट, बर्फ. यायला तास लागो, दोन लागोत, कुत्रा सोडून येत नाही. लार्सचे वडील घराच्या पायरीवर बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, जनावर पळतंय, की उभं केलंय.

"तुम्ही ओरडता तेव्हा त्याला वाटतं, तुम्ही येताय. मग तो आणखी जोरात सांगतो," लार्स म्हणाला. "त्याला बोलावू नका. त्याच्याकडे जा. शेजारी उभे राहा. त्याने काय धरलंय ते बघा. मग तो थांबेल. त्याचं काम झालेलं असेल."

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढे महिने या कुत्र्याने दाराशी उभं राहून सांगावं, या, बघा, आणि आम्ही सोफ्यावरून त्याला गप बस म्हणावं.

"आणि मी?" मी लार्सला विचारलं. पट्टा माझा होता.

"तुम्ही पण जा," तो म्हणाला. त्याला माझे गुडघे माहीत नव्हते.

गेलो. श्रीकांतराव आणि रेवा पुढे, मी मागे, बसून, घसरत, एका चपलेचा अंगठा तुटलेला. म्हातारबाबा सलुकी गाडीत ठेवून माझ्या मदतीला आले आणि मला "शुय शुय" करत, म्हणजे हळू हळू, हाताला धरून उतरवत होते. एका मोठ्या कड्याच्या पोटाशी टोर सापडला. कड्याला पाठ लावून एक गाढव उभं होतं. डोंगरात फिरणारी असतात तिथे, त्यातलं. टोर त्याच्यासमोर पुढे-मागे उड्या मारत, लाथेच्या जरासा बाहेर राहून, घसा फुटेल असा भुंकत होता. गाढव शांतपणे काहीतरी चघळत होतं. नॉर्वेच्या जंगलात त्याच्या पूर्वजांनी काय काय रोखून धरलं असेल. याच्या नशिबी हे. पण कामात कसूर नाही.

रेवा धावत जाऊन मिठी मारणार होती. श्रीकांतरावांनी तिला थांबवलं. ते स्वतः चालत पुढे गेले, टोरच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि गाढवाकडे पाहिलं. नीट, गंभीरपणे पाहिलं.

"बघितलं रे," ते म्हणाले. "शाब्बास."

टोरने एकदा त्यांच्याकडे वर पाहिलं आणि थांबला. इतकी शांतता झाली की गाढवाचं चावणं ऐकू यायला लागलं.

"माशाल्ला," म्हातारबाबा म्हणाले. "मेरा कुत्ता बोलता, तो मेरा घुटना बच जाता."

परत सव्विसाव्या मजल्यावर

डोंगरात उमजलं ते घरात करणं फार अवघड गेलं, कारण त्यासाठी उठावं लागतं. आमच्या घराण्यात ही क्रांतीच. रविवारी लिफ्टची घंटी वाजली, टोर दाराशी गेला, आणि मेघनाने तोंड उघडलं तेवढ्यात रेवा ओरडली, "आई, नो शाउटिंग! गो!" मेघना कणकेच्या हातांनी गेली, पीपहोलमधून पाहिलं. "पार्सलवाला आहे. बघितलं हं, टोर." तो दोनदा भुंकून थांबला आणि आपल्या जागी येऊन पडला. मेघना हात तसेच वर धरून त्याच्याकडे बघत राहिली.

प्रत्येक वेळी जमलं असं नाही. एकदा मी न्हाणीघरात होते आणि घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हाचं विचारू नका. पण इंटरकॉम वाजायचा कमी झाला, मग वाजेनासा झाला. बुधवारी दुपारी मी टोरसाठी दार उघडून उभी होते, तेव्हा समोरून हालाने दार उघडलं. आत पाळण्यात बाळ झोपलेलं. तिने ओठांवर बोट ठेवलं, पाळण्याकडे दाखवलं, आणि स्वतःही तशीच जांभई देत दार लावून घेतलं.

श्रीकांतराव मात्र थांग लागू देत नव्हते. रेवाने विचारलं की "बघू". मेघनाने विचारलं की "पाटलांना शब्द दिलाय, बघू." बघू म्हणजे काय ते कुणालाच कळत नव्हतं, आणि रेवाने टोरचा ब्रश, भांडं आणि जुना चामडी पट्टा एका पिशवीत भरून ती दाराजवळ आणून ठेवली.

शनिवारी बेल वाजली. टोर दाराशी जाऊन भुंकायला लागला. रेवा खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मेघना ओट्यापाशी पाठ करून उभी. मी उठले, पण श्रीकांतरावांनी हाताने बसा म्हटलं. ते लॅपटॉप बाजूला ठेवून उठले, टोरच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि दार उघडलं.

बाहेर पाटील. सोन्याची साखळी, पांढरा शर्ट, हातात काजूचा खोका. मी साताऱ्याची म्हटल्यावर त्यांनी दारातूनच मला नमस्कार केला. टोर त्यांच्याकडे पाहून दोनदा भुंकला आणि थांबला. मग त्याने आपलं सगळं वजन श्रीकांतरावांच्या गुडघ्यावर टाकलं.

"ह्योच न्हवं त्यो?" पाटील म्हणाले. "आवो, गप का झाला?"

"भुंकतो. खूप भुंकतो."

"मग भुकवा की जरा. मला रातभर भुकनारं पायजे. खडी चोरत्यात वो लोकं, टिपरच्या टिपर."

श्रीकांतरावांनी खाली टोरकडे पाहिलं. "मालक शेजारी येऊन उभा राहिला की थांबतो तो, पाटील. त्याच्या जातीतच आहे तसं."

"मालक? त्यो नार्वेवाला? त्यो तर गेला की बोटीवर."

ओट्यापाशी नळ चालू होता, तो बंद झाला.

"तो नाही," श्रीकांतराव म्हणाले. "मी."

पाटलांनी त्यांच्याकडे पाहिलं, टोरकडे पाहिलं, दाराजवळच्या भरलेल्या पिशवीकडे पाहिलं. शहाणा माणूस. चपला काढून आत आले आणि सोफ्यावर बसत म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या. मी आपला कॅमेरा लावतो. वहिनी, एवढ्या लांबनं आलोय, च्या तरी टाका. आन् ही थंडी कमी करा वो, माणसं मारता का?"

चहा झाला, पोहे झाले, पोह्यांतला केस पाटलांनी काही न बोलता ताटलीच्या कडेला काढून ठेवला. ते लिफ्टमध्ये शिरल्यावर रेवाच्या खोलीचं दार उघडलं. डोळे सुजलेले. ती बापासमोर जाऊन उभी राहिली. हातात दाराजवळच्या पिशवीतला जुना चामडी पट्टा.

"बाबा," ती म्हणाली, "टोरला खाली न्यायचंय."

श्रीकांतराव त्या दिवशी दुसऱ्यांदा सोफ्यावरून उठले.